बोनीआधीचा फेरा

जाताना

शेत सरळ रेघेत चालून काढायचं असेल तर माणूस एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जातो, वळतो, हातभर सरकतो आणि परत येतो. विष्णू जगदाळे वीस वर्षं असे चालत आले. इथेही तसंच. जाताना आजची सकाळ. येताना, मागे मागे सरकत, त्यांचं आयुष्य.

आज सकाळी ते ऑटोत होते. शेजारी सून मानसी, मांडीवर फाइल, पायाशी काठी. नानाखेड्याहून निघून ऑटो फ्रीगंजच्या दिशेनं चालला होता, फिजिओथेरपीला. खिशातला फोन वाजला.

"बासाब, राम राम. बद्रीलाल बोल रिया हूँ. आप फिर लिये क्या?"

"कहाँ?"

"लो! खेत में, और कहाँ. मैं बोनी की मशीन लेके मेड़ पे खड़ा हूँ. भैया बोल रिये, उतार दे. मैंने कहा, बासाब का फेरा हुए बिना कैसे उतार दूँ?"

मानसीनं बाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक दवाखाना, एक मिठाईचं दुकान, उभी स्कूलबस.

भैया म्हणजे मुलगा विक्रांत. विष्णूंनी पहिला प्रश्न त्याच्याबद्दल विचारला नाही. विचारलं, "बतर आ गई?"

"आज की आज है बासाब. हवा देख रिये हो. कल तक ऊपर की सूख जाएगी."

बोनी म्हणजे पेरणी, बतर म्हणजे वाफसा. सोयाबीन निघालं की रानाला पाणी द्यायचं आणि थांबायचं. एक दिवस असा येतो की माती बोटांना चिकटत नाही आणि भुरभुरतही नाही. गहू त्या दिवशी टाकायचा. तो दिवस चुकला तर पुन्हा पाणी, पुन्हा वाट, आणि उशिराचा गहू मार्चच्या उन्हात बारीक पडतो.

"मशीन मत उतारना," विष्णू म्हणाले. "मैं आ रहा हूँ."

फोन खिशात ठेवून त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट ठेवलं. "भैया, मोड़ लो. देवास गेट होके उन्हेल रोड."

"अंकलजी, आपने तो फ्रीगंज बोला था."

"मोड़ लो."

पलटणीत नायब सुभेदार असलेल्या माणसाचा आवाज निवृत्त होत नाही. ऑटो वळला.


येताना

सोयाबीन पिवळं पडलं होतं तेव्हा ते शेतातच बसले. पडले नाहीत, बसले, आणि उठता येईना. उजवा पाय आपला नाही असं वाटलं. त्यांनी हातानं तो उचलून पाहिला आणि परत ठेवला. बायकोनं, अहल्याबाईंनी, घरातून पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, हे ढेकळं फोडतायत.

इंदूरला आठवडा काढला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पायातला समतोल गेला. डॉक्टर म्हणाले, घरात चाला, जिने नको, आणि शेत तर अजिबात नको. पुन्हा पडलात तर आम्हाला काही सांगता येणार नाही.

मग दोघं नवराबायको मुलाच्या फ्लॅटवर आली. विक्रांत वाहनांच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा, मानसी एका शाळेत शिकवायची. विष्णू हॉलमध्ये चालायचे. स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत, वळायचं, एक फरशी सरकायचं, परत. मानसी वह्या तपासताना बघायची. सोफ्याखालच्या फरशा राहायच्या. एकदा तिनं काही न बोलता सोफा ढकलून दिला. ते म्हणाले, "थँक्यू बेटा," आणि त्या फरशांवरून चालून आले.

दिवाळीनंतर विक्रांत म्हणाला, "बाबा, यंदा बोनी मी करून घेतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

मुलानं शेताचं नाव आपणहून घेतलं, हे पहिल्यांदाच. विष्णूंनी बराच वेळ चहा ढवळला.

"कर. फेरा मी घालीन."

"हो बाबा."

आजारी माणसाला म्हणतात तसं तो 'हो' म्हणाला. ते विष्णूंना तेव्हाच कळायला हवं होतं.


जाताना

देवास गेटपाशी ऑटो अडकला. पुढे बस, बाजूला बस, "इंदौर इंदौर इंदौर" ओरडणारा कंडक्टर.

"तुला माहीत होतं," विष्णू म्हणाले.

"हो बाबा."

"अहल्येला?"

"आई कालच गेल्या ना गावाला."

"घर झाडायला."

"झाडतही असतील."

ते हसले नाहीत, पण मिशी हलली.

"बाबा, विक्रांतचं चुकलं नाही हो. तुम्ही ऐकणार नाही, मशीन मिळायची मारामार. तो म्हणाला, तुम्ही इकडे व्यायाम करताय तोवर तिकडे होऊन जाईल. संध्याकाळी सांगू."

"आणि बद्रीलालला सांगायचं विसरलात."

"बद्रीभैया तुम्हाला फोन करेल हे कुणाच्या डोक्यात येणार?"

शेजारच्या गाडीतून एका बाईनं डोकं बाहेर काढलं. पदर डोक्यावरून, कपाळाला गंध. "भैया, महाकाल मंदिर किधर से जानेका?"

"सरळ जा, मग चौकातून डावीकडे विचारा," विष्णू म्हणाले.

"अगं बाई, मराठी! कुठले तुम्ही?"

"इथलेच."

"तसं नाही हो, मूळचे?"

"इथलेच," ते पुन्हा म्हणाले, आणि ऑटो सुटला. मानसीला हसू आलं. तिचे वडील बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आले होते, आणि पस्तीस वर्षं झाली तरी मूळचे साताऱ्याचेच होते. जगदाळ्यांचं तसं नव्हतं. त्यांच्यातला कुणीतरी शिंद्यांच्या घोड्यांची पागा सांभाळत इकडे आला, घोडी गेली, पागा गेली, तुकडाभर जमीन राहिली. एवढ्यावर ते इथलेच झाले.

रेल्वेचं फाटक मागे पडलं तेव्हा मानसीनं विचारलं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर.

"बाबा, तुम्हाला अजून भीती वाटते का?"

"कसली?"

"शेतात काही… पुरलेलं असेल, अशी."

"माझ्या शेतात?" ते तिच्याकडे वळून बघू लागले. "बेटा, माझ्या शेतात बाटल्या निघतात. दर्शन करून जाणारे काचेतून फेकतात. आणि चपला. नेहमी एकच. दुसरी कुठे जाते काय माहीत."

"मग चालता कशाला?"

"हे आजवर कुणी विचारलं नाही."

"आम्हाला वाटलं, विचारू नये."

विष्णूंनी पायाशी पडलेली काठी उचलून मांडीवर आडवी धरली. ऑटोच्या मागे धूळ उठत होती. मग म्हणाले, "असं होतं होय."


येताना

सगळ्या गावाला फेरा माहीत होता. 'फौजी का फेरा.' वर्षातून दोनदा, सोयाबीनच्या आधी आणि गव्हाच्या आधी, ट्रॅक्टर बांधावर उभा राहायचा आणि विष्णू जगदाळे एकटे शेतात उतरायचे. बूट घालून, पाठ ताठ, नजर चार हात पुढे. संपूर्ण शेत. एकही पट्टी न सोडता. शेवटच्या बांधावर पोचले की हात वर करायचे, तेव्हा ट्रॅक्टर आत.

बद्रीलालला सुरुवातीला ते येडपट वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की या एका शेतात त्याचं टायर कधी फाटत नाही. तेव्हापासून तो त्याला कुलाचार मानू लागला.

विक्रांतला मात्र तो लपवावासा वाटायचा. बारावीत असताना मित्रांबरोबर मोटरसायकलवरून क्लासहून येताना वडील रिकाम्या शेतात रेघा मारताना दिसले. मागे बसलेला पोरगा ओरडला, "अंकल, क्या खो गया?" वडील थांबले, रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "कुछ नहीं बेटा, देख रहा हूँ." मित्र इतके हसले की गाडी डगमगली. विक्रांतही हसला. ते वडील कुणाचे, हे त्यानं सांगितलं नाही.

अहल्याबाईंनी एकदा त्यांना फ्रीगंजमधल्या मनाच्या डॉक्टरकडे नेलं. बीपी दाखवायला, असं सांगून. डॉक्टर भला होता. त्यानं विचारलं, फौजेत काय काम करायचात? विष्णू म्हणाले, सुरुंग. घालायचो आणि काढायचो. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अहल्याबाईंना नंतर बाजूला घेऊन सांगितलं की अशा माणसांच्या मनात लढाई चालूच राहते, त्यांना टोकू नका, करू द्या, प्रेमानं घ्या.

त्यांनी प्रेमानं घेतलं. फेऱ्याच्या दिवशी घरात आवाज चढवायचा नाही, कुकरची शिट्टी नको, नातवंडांनी फुगे फोडायचे नाहीत. फेरा संपला की अहल्याबाई लिंबाचं सरबत घेऊन बांधावर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "बरं वाटतंय ना आता?"

"मला काय झालंय?" विष्णू म्हणायचे.

"काही नाही, काही नाही. घ्या."


वळताना

वीस वर्षं एका माणसाला घरातली सगळी जपत होती, आणि तो विचार करत होता की ही माणसं या दिवशी इतकी हळू का बोलतात.


जाताना

ऑटो बांधाला लागला तेव्हा बद्रीलाल ट्रॅक्टरच्या सीटवर बसून पोहे खात होता. विक्रांत फोन कानाला लावून उभा होता, फोन बंद होता. अहल्याबाईंच्या हातात खरोखरच झाडू होता.

"या," त्या म्हणाल्या. "सगळं घर झाडलं."

"दिसलं मला," विष्णू म्हणाले.

"बाबा, हे बरोबर नाही!" विक्रांतनं सुरुवात केली. "बद्री, तेरे को किसने बोला था फोन करने को?"

"भैया, मैं तो पूछ रिया था खाली."

"खाली पूछ रहा था! बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलं? मानसी, तू तरी…"

"मी काय उडी मारू ऑटोतून?"

"अहो, ऐका," अहल्याबाई म्हणाल्या. "या वर्षी राहू दे. काही नाही तिथं. मी कालच बघून आले. खरंच काही नाही."

"मला माहीत आहे काही नाही."

"मग झालं तर!"

विष्णूंनी काठी घेतली आणि शेतात उतरले.

कुणी हात धरला नाही. डॉक्टरांचं 'टोकू नका' सगळ्यांच्या अंगात मुरलं होतं. पहिलं पाऊल डाव्या पायाचं, ते पडलं. उजवा पाय ढेकळावर आला, ढेकूळ फुटलं नाही, सरकलं. काठी ओल्या मातीत खोल गेली आणि तिथंच उभी राहिली. विष्णू गुडघ्यावर आले, मग हातांवर.

ते तसेच राहिले. तळव्याखालची माती त्यांनी मुठीत घेऊन दाबली. मूठ उघडली तर गोळा झाला होता. बोटानं टोकरला तर सुटला. बतर अगदी बरोबर होती.

विक्रांत आणि मानसीनं उचलून त्यांना बांधावर बसवलं, काठी उपटून शेजारी ठेवली. गुडघ्याला माती, टोपी तिरकी. त्यांनी टोपी सरळ केली.

"बद्रीलाल," विक्रांत जोरात म्हणाला, "उतार दे मशीन. बहुत हो गया."

बद्रीलालनं स्टेअरिंगला हात लावला नाही. तो विष्णूंकडे बघत होता. पोह्यांचा कागद त्यानं घडी करून खिशात घातला.

"बासाब?"

"नको," विष्णू म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "असं नाही. फेरा झाल्याशिवाय तो आत जाणार नाही."

"म्हणजे गहू नाही पेरायचा? या वर्षी शेत रिकामं?"

"रिकामं."

"एका फेऱ्यासाठी!" विक्रांतचा आवाज फाटला. "बाबा, तिथं सुरुंग नाहीत! कधीच नव्हते! हे उज्जैन आहे, बॉर्डर नाही!"

अहल्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. घरात हा शब्द वीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. झाडावरचे होले उडाले आणि परत बसले.

विष्णूंनी मुलाकडे बघितलं. त्यांना राग आला नव्हता. आपण घड्याळ दाखवतोय आणि समोरचा हाताकडे बघतोय, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं.

"बस इथे," ते म्हणाले. "सगळे बसा. बद्रीलाल, तू भी नीचे आ. पाँच मिनट से बतर नहीं जाती."


येताना

पेन्शन घेऊन गावी आले त्या दिवशी अहल्याबाईंनी विहिरीच्या मोटरची किल्ली त्यांच्या हातात ठेवली होती. "घ्या तुमचं शेत. मी थकले." लग्नानंतर बहुतेक वर्षं बोनी त्यांनीच केली होती, सासऱ्यांच्या मदतीनं, मग सासऱ्यांशिवाय. नवरा सुट्टीवर यायचा, पाहुण्यासारखा उंबऱ्याशी बूट काढायचा, पोराला खांद्यावर घेऊन शिप्रेवर जायचा आणि निघून जायचा. तो काय काम करतो, हे त्यांनी कधी नीट विचारलं नाही. 'रस्ते-पूल' असं ते सांगायचे.

पेन्शनच्या आधीचं शेवटचं मोठं काम रस्ते-पूल नव्हतं.

त्या हिवाळ्यात सगळी फौज सीमेवर गेली होती. लढाई होणार म्हणत होते. राजस्थानात, गंगानगरच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावर मोहरी आणि गहू उभा होता. ती शेतं लोकांची होती. विष्णूंच्या पलटणीनं त्यांत सुरुंग घातले. तारा ओढल्या, तारांवर लाल त्रिकोण टांगले. लोक ट्रॉलीत खाटा टाकून मागे गेले.

लढाई झाली नाही. मग तेच सुरुंग काढायचे होते. घालणं सोपं. काढताना पोटावर झोपून, सळई तिरकी धरून, वीत वीत पुढे. पिकं तारांच्या आत वाळून गेली, पुन्हा उगवली, पुन्हा वाळली.

एक शेत हरजीरामचं होतं. काम संपलं तेव्हा घातलेले आणि काढलेले अगदी बरोबर जुळले. एकही कमी नाही. साहेबांनी कागदावर सही करून तो हरजीरामला दिला. शेत साफ आहे, नांगर घाल.

म्हाताऱ्यानं कागद उलटसुलट बघितला. म्हणाला, "कागज में तो साब, खेत पैलां भी म्हारो ही थो."

आणि कालव्याच्या बांधावर जाऊन बसला.

बंदोबस्त उठायचा होता, ट्रक भरले होते. साहेबांनी विष्णूंकडे पाहिलं. विष्णूंनी जवानांना उतरवलं, खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं केलं. आणि ती ओळ शेतातून चालत गेली. सळई नाही, अवजार नाही. नुसते बूट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळून परत. जिथे एकाचा पाय पडत नव्हता तिथे शेजारच्याचा पडत होता. हरजीराम बिडी न पेटवता तोंडात धरून बघत होता. त्यांच्या चेहऱ्यांकडे नाही, बुटांकडे.

शेवटची पट्टी राहिली तेव्हा तो उठला. जुत्या काढल्या, बांधावर जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी येऊन विष्णूंच्या बाजूला ओळीत उभा राहिला. शेवटची पट्टी तो त्यांच्याबरोबर चालला. मग नांगराला जुंपायचा उंट आणायला गेला.


जाताना

"आम्हाला माहीत होतं शेत साफ आहे," विष्णू बांधावर बसून म्हणाले. "त्याला माहीत नव्हतं. ज्याला आत पाठवायचं, त्याच्या आधी पाठवणाऱ्यानं चालून यायचं. एवढंच आहे ते."

अहल्याबाईंनी हातातला झाडू बांधावर ठेवला.

"मी इथे आलो तेव्हा पहिल्या बोनीला बद्रीलालचा बाप ट्रॅक्टर घेऊन आला. मी म्हणणार होतो, जा आत. पण जीभ वळेना. आधी मी चालून आलो. मग दर वर्षी."

"बस?" अहल्याबाई म्हणाल्या. "आणि मी वीस वर्षं कुकर लावला नाही त्या दिवशी!"

"मी म्हणायचो, आज वरण कच्चं का."

बद्रीलालला मराठी अर्धवट कळायचं. त्यानं मानसीला विचारलं, "भाभीजी, बासाब क्या बोल रिये?"

"कह रहे हैं कि ये फेरा आपके लिए था."

"मेरे लिए?" बद्रीलालनं ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग शेताकडे. "मैं समझा, खेत के लिए है." तो पुन्हा खाली बसला आणि कान खाजवू लागला.

विक्रांत उभाच होता. पायात पांढरे स्पोर्ट्‌स शूज, दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट. त्याला रस्त्यावरची ती मोटरसायकल आठवत होती की आणखी काही, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"बाबा, तुम्हाला चालता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. हळू. "मग काय करायचं?"

विष्णूंनी काठीच्या टोकाची माती गवतावर झटकली. चालता येत नव्हतं, म्हणूनच तर ते शेत रिकामं ठेवायला निघाले होते.

मानसी म्हणाली, "विक्रांत, बद्रीभैयाला आत जा असं सकाळपासून कोण सांगतंय?"

विक्रांतनं तिच्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे. विष्णू त्या वेळी गुडघ्यावरची माती नखानं खरवडत होते, फार मन लावून.

विक्रांतनं बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि उतरला.

"नजर पायाशी नको," विष्णू म्हणाले. "चार हात पुढे. आणि रेघ सोडू नको."

"हो बाबा." हा 'हो' वेगळा होता.

मानसीही उतरली, साडी खोचून. दोघं खांद्याला खांदा लावून निघाली. पलीकडच्या बांधापर्यंत. वळली. सरकली. परत. पहिल्या काही पट्ट्या वाकड्या गेल्या. विष्णू पुटपुटत होते, "डावीकडे झुकतोय. बघ, डावीकडे झुकतोय हा."

"सांगा की त्याला मोठ्यानं," अहल्याबाई म्हणाल्या.

"नको. सुधारेल."

ऊन वर आलं. विक्रांतच्या एका हातात बाटली, दुसऱ्या हातात लोखंडाची पट्टी, आणि मानसीच्या हातात एक चप्पल. एकच. ती तिनं लांबून उंचावून सासऱ्यांना दाखवली. उन्हेल रस्त्यावरून भाविकांच्या गाड्या जात होत्या. एका मोटरसायकलवाल्यानं वेग कमी केला. "भैया, कुछ गिर गया क्या?"

विक्रांत थांबला. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"कुछ नहीं," तो म्हणाला. "देख रहा हूँ."

विष्णूंनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. वारा तिकडचा होता.

थोड्या पट्ट्या उरल्या तेव्हा विष्णू खाली वाकले. डाव्या बुटाचा पट्टा सोडला. मग उजव्या. अहल्याबाई बघत होत्या. जवळची पट्टी सपाट होती. कुणाचा खांदा घेतला असता तर ती त्यांना चालता आली असती.

ते तसेच बसून राहिले, बोटं उघड्या पट्ट्यावर. समोर विक्रांत वळत होता, आता सरळ, पाठ ताठ.

विष्णूंनी दोन्ही पट्टे परत लावले.

विक्रांत आणि मानसी शेवटच्या बांधावर पोचली. विक्रांतचा हात वर जायला निघाला आणि अर्ध्यावर थांबला. विहिरीपाशी, बाभळीखाली, एक कोपरा राहिला होता. ट्रॅक्टर तिथे मुश्किलीनंच वळतो. सोडला असता तरी चाललं असतं. त्यानं लांबून हाक मारली. "बाबा, तो कोपरा?"

बद्रीलाल ट्रॅक्टरवर चढला होता. तोही विष्णूंकडे बघत होता. अहल्याबाईही.

विष्णूंनी काठीवर भार देऊन बसल्या जागी अंग फिरवलं आणि शेताकडे पाठ केली. समोर रस्ता. पिवळी बस गेली, तिच्यामागे उसाची ट्रॉली.

"अहो, तो विचारतोय."

"मला नाही. स्वतःला विचारतोय."

मग मागून बद्रीलालचा आवाज आला, आणि आज पहिल्यांदा त्यानं योग्य माणसाला विचारलं.

"भैया, उतारूँ?"

"रुको," विक्रांत म्हणाला. "एक कोना बाकी है."

बाभळीकडे जाणारी पावलं विष्णूंना ऐकू येत होती. एकट्याची. ओलसर मातीत बूट दबतो तशी. ती कोपऱ्यात गेली, थांबली, वळली, परत आली.

मग इंजिन सुरू झालं. पेरणीच्या मशीनचे दात जमिनीला टेकले तेव्हा बांध थोडा थरथरला. अहल्याबाईंनी वळून पाहिलं आणि पदर कपाळावर ओढून उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला.

विष्णू रस्त्याकडे बघत बसले. बतर चांगली होती. वळून बघायची त्यांना गरज वाटली नाही.